सहावी ओळ

सिद्धेश्वरच्या माउसच्या उजव्या बटणावर चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी जुनी होती, कडांना काळी पडली होती आणि तिच्यावर निळ्या पेनाने 'बंद' असे लिहिले होते. वैष्णवीने ती पाहिली, आणि आपले तीन महिन्यांचे काम नेमक्या त्या दीड सेंटिमीटर पट्टीखाली अडकले आहे, हे तिच्या लक्षात आले.

"दादा, हे काय?"

"ते बटण वंगाळ हाय," सिद्धेश्वर म्हणाला. तो माकणीच्या पाणीवापर संस्थेचा सचिव होता आणि संस्थेतला एकमेव संगणक त्याच्या ताब्यात होता. "चुकून दाबलं की याद्या उघडतंय. तीन वर्षांमागं उघडली, तर त्यातलं एक दाबून बघितलं. उसाचा अख्खा तक्ता गेला. तवापासून बंद केलंय."

"पण माझं सगळं काम त्याच बटणावर आहे."

"मग अवघड हाय, म्याडम."

वैष्णवी गावचीच. पुण्यातल्या एका कंपनीत पाच वर्षे काम करून, तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन ती माकणीला आली होती. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सिद्धेश्वर संगणकावरच्या एका तक्त्यात मांडत असे. त्या तक्त्याला बाहेरून जोडायचे एक छोटे एक्स्टेंशन तिने लिहिले होते. तक्त्यातल्या कोणत्याही चौकटीवर उजवे बटण दाबले, की त्या चौकटीला लागू असलेली यादी तिथेच उघडायची: पाळी पुढे ढकला, अदलाबदल करा, खबर पाठवा. यादीत सर्वांत खाली 'मदत' होती. ती दाबली, की जिथे दाबले त्याच गोष्टीबद्दल दोन ओळींची पिवळी पाटी समोर यायची.

महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला संस्थेची सर्वसाधारण सभा होती. सभेने एक्स्टेंशन स्वीकारले, तर शेजारच्या दोन संस्था तेच घेणार होत्या. तसे त्यांनी 'माकणीचं बघून ठरवू' या शब्दांत कळवले होते. मग वैष्णवीला गावातच राहून हे काम करता आले असते. सभेने नाकारले, तर एक तारखेला पुणे. मधला पर्याय नव्हता.

सिद्धेश्वरने अखेर सभेपुरती पट्टी काढण्याचे कबूल केले. पण खरी अडचण पुढेच होती. मदतीच्या पाट्यांवरचा मजकूर वैष्णवीने स्वतः लिहिला होता. पहिली पाटी सिद्धेश्वरने मोठ्याने वाचली: "'निवडलेल्या नोंदीचा क्रम अद्ययावत करण्यासाठी योग्य पर्यायाची निश्चिती करावी.'" तो थांबला. "हे तहसीलातनं आलंय का?"

"मदत आहे ती, दादा."

"अशी मदत आली की माणूस वकील बघतंय."

आक्षेप रास्त होता. वैष्णवीने त्याच दुपारी माणिकप्पांना गाठले. माणिकप्पा संस्थेचे पाटकरी. कालव्याची दारे उघडणे, बंद करणे आणि ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी पोचवणे हे काम ते एकतीस वर्षे करत होते. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी मुरूमचा वीरभद्र येणार होता. वीरभद्र गावात कुणालाही ओळखत नव्हता. खरे तर हे एक्स्टेंशन हवे होते ते त्यामुळेच.

माणिकप्पा शेतांकडे पाणी नेणाऱ्या चारीच्या कडेला बसून भाकरी खात होते. वैष्णवीने त्यांना सगळे समजावून सांगितले.

"म्हंजे ट्रॅक्टर तोच, मागं पेरणीयंत्र जोडायचं," माणिकप्पा म्हणाले.

"बरोबर. आणि जिथं दाबाल तिथली यादी येते. सगळीकडं एकच नाही."

"म्हंजे माणूस बघून बोलायचं."

"अगदी तसंच, आप्पा," वैष्णवी म्हणाली.

हे वाक्य तिने उत्साहाच्या भरात उच्चारले. पुढे जे घडले त्याचे मूळ शोधायचे झाल्यास ते याच तीन शब्दांत सापडते. उपमा पसंत पडली म्हणून ती तपासून न घेणे, ही चूक प्रयोगशाळेत जितकी महाग पडते तितकीच चारीच्या कडेलाही पडते.

तिने त्यांना कागदावर आखलेला दोन रकान्यांचा कोरा तक्ता दिला. एका रकान्यावर लिहिले होते 'कशावर दाबलं', दुसऱ्यावर 'काय सांगायचं'. "नव्या माणसाला जिथं जिथं अडेल, ते सगळं लिहा. तुमच्या बोलीत लिहा. सिद्धेश्वरदादा टाइप करतील."

"सगळं लिवू?"

"सगळं."

माणिकप्पांनी तक्त्याची घडी करून टोपीत ठेवली. आठ दिवस ते रोज दुपारी संस्थेत येऊन बसत, डोळे मिटून सांगत, आणि सिद्धेश्वर टाइप करी. नवव्या दिवशी यादी तयार होती. एकशे सतरा ओळी.

वैष्णवीला आनंद झाला. तक्त्यात कामाचे रकाने होते पाच: क्रम, पाळी, तास, दार आणि खबर. सहावा रकाना नावाचा. त्याला मदत लागेल असे तिला वाटले नव्हते. पाच रकान्यांसाठी एकशे सतरा ओळी म्हणजे आप्पांनी किती बारकाईने विचार केला असेल. तिने पहिल्या पाच ओळी वाचल्या.

'पाळी: ज्याचा नंबर हाय त्याचं पाणी. बदलायची आसल तर आधी दोघांना इचारा, मग दाबा.'

'दार: चाक फिरवून किती आटे उघडलं ते लिवा. अंदाजानं लिवू नका, मोजा.'

उरलेल्या तीनही अशाच होत्या, नेमक्या आणि स्वच्छ. वैष्णवीने समाधानाने यादी एक्स्टेंशनला जोडून टाकली. पाच नमुने बघून एकशे बारांबद्दल निष्कर्ष काढणाऱ्या सहकाऱ्याला तिने पुण्यात चारचौघांत झापले असते. पण तिथले नमुने परक्यांचे असत.

"दादा, बाकीच्या पण अशाच आहेत ना?" तिने एकदा विचारले होते.

"मी टाइप करताना वाचत न्हाय," सिद्धेश्वर म्हणाला. "वेग कमी होतोय."

अठ्ठावीस तारखेला सकाळी अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. शाळेचा प्रोजेक्टर होता, पडदा म्हणून पांढरी चादर होती, आणि शंभरेक माणसे सतरंजीवर बसली होती. मध्यभागी खुर्चीवर अध्यक्ष रणधीरराव. त्यांचे शेत कालव्याच्या अगदी तोंडाशी होते आणि संस्थेत त्यांचा शब्द पाण्यासारखाच वरून खाली वाहत असे. पार मागे, दाराजवळ, कस्तुराबाई बसल्या होत्या. त्यांचे दोन एकर चारीच्या शेवटच्या टोकाला. शेळ्या बांधून आल्या होत्या आणि लवकर परतायचे होते. माणिकप्पा भिंतीला टेकून उभे होते, शेजारी नवा वीरभद्र.

सिद्धेश्वरने सर्वांसमोर माउसवरची पट्टी सोलली आणि टाकून न देता टेबलाच्या कडेला चिकटवली. लागली तर असावी.

यादी उघडली. पाळी पुढे ढकलली गेली. अदलाबदल झाली. रणधीररावांनी मान हलवली, म्हणजे सभेने मान हलवली. वैष्णवीला हुरूप आला.

"आणि समजलं नाही तर मदत आहे," ती म्हणाली. "दादा, कुठंही दाबा. कुठंही."

नवे सॉफ्टवेअर दाखवताना 'कुठंही' हा शब्द उच्चारू नये. सिद्धेश्वरला तालमीत, वैष्णवीच्या लॅपटॉपवर, 'पाळी'च्या रकान्यावर दाबायला शिकवले होते. पण आता मोकळीक मिळाल्यावर त्याने समोरच बसलेल्या रामहरीचा मान राखायचे ठरवले आणि रामहरीच्या नावावर उजवे बटण दाबले. मग 'मदत'.

चादरीवर पिवळी पाटी उमटली.

'रामहरी: फोन उचलत न्हाय. उचलला तर निघालोच म्हणतोय. निघालेला नसतोय. खऱ्या येळेच्या दोन तास आधीची येळ सांगावी.'

सभा क्षणभर वाचत राहिली. मग हसू मागून पुढे आले.

"हे कुणी लिवलं?" रामहरी उठून उभा राहिला. "म्या कधी उशिरा आलो?"

"आज सभेला कवा आलास?" कुणीतरी विचारले.

"ते निघालोच होतो."

दुसऱ्या खेपेला हसू भिंतीवर आपटून परत आले. वैष्णवीच्या डोक्यात मात्र एकशे सतरामधून पाच वजा होऊन एकशे बारा उरले, आणि संस्थेचे सभासद किती, हे तिला नेमके तेव्हाच आठवले. तिचा प्रोग्रॅम चौकटीतला शब्द यादीत शोधत होता आणि सापडला की त्यापुढचे दाखवत होता. त्यात काडीचाही दोष नव्हता.

"दादा, बंद करा ते."

"कसं?"

"खाली 'समजलं' आहे. ते दाबा."

पाटी वाचल्याशिवाय कुणी बंद करू नये, म्हणून 'समजलं' दाबेपर्यंत ती हटायची नाही, अशी सोय वैष्णवीने मुद्दाम केली होती. तोवर दुसऱ्या चौकटीवर दाबले, तर यादी न येता थेट तिचीही पाटी उघडायची. सिद्धेश्वरचा हात मात्र थांबला.

"पण मला समजलंच न्हाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "समजलं म्हणून कसं दाबू?"

त्याने पाटी बाजूला सारण्यासाठी घाईत दुसऱ्याच नावावर दाबले. दुसरी पाटी उघडली.

'गुंडप्पा: चुलतभावाशी बोलणं न्हाय. दोघांची पाळी लागून ठिवू नये. मधी तिसरा ठिवावा, आणि तो बहिरा असलेला बरा.'

गुंडप्पा आणि त्याचा चुलतभाऊ हॉलच्या दोन टोकांना बसले होते. दोघांनी एकाच वेळी मधल्या माणसाकडे पाहिले. तो खरोखरच कमी ऐकत असे. "काय म्हणतेत?" त्याने विचारले.

"दादा, माउस सोडा," वैष्णवी म्हणाली.

सिद्धेश्वरने सोडण्यापूर्वी एकदा घट्ट धरला. पाटी उमटली.

'सिद्धेश्वर: सचिव. सांगितलेलं बिनचूक लिवतोय. वाचत न्हाय.'

सिद्धेश्वरने ही पाटी पहिल्यांदाच वाचली. "मीच टाइप केलंय व्हय हे?" तो हळूच म्हणाला, आणि धक्क्याने त्याच्या हातून तक्त्याच्या पहिल्या ओळीतले नाव दाबले गेले. पहिली ओळ कालव्याच्या तोंडाची.

'रणधीरराव: अध्यक्ष हायती. पाळी संपली तरी दार पुरं बंद करत न्हाईत, दोन आटे ढिलं ठिवतेत. आपून बंद करून निघावं. अर्ध्या तासानं परत जाऊन बघावं. बोलू नये. आवळून यावं.'

या वेळी कुणी हसले नाही. कुणीतरी उठून पंखा वाढवला. गेली कित्येक वर्षे जे प्रत्येकाला ठाऊक होते आणि कुणीच बोलले नव्हते, ते शाळेच्या चादरीवर चार फूट रुंद होऊन लटकत होते.

वैष्णवीने मनातल्या मनात पुण्याच्या बसचे तिकीट काढले. खिडकीची जागा घ्यावी, असेही तिने ठरवले.

"माणिकप्पा," रणधीरराव सावकाश म्हणाले, "हे तुमचं हाय?"

"व्हय."

"ही मदत हाय?"

"व्हय की." माणिकप्पा भिंत सोडून पुढे आले. "पोरीनं इचारलं, नव्या माणसाला काय सांगायचं. म्या सांगितलं. माणूस बघून बोलायचं का इचारलं, तर ती अगदी तसंच म्हणाली. कोणतं बटण कशाला, ते तर बटणावरच लिवलंय, आबा. ते कशाला परत सांगायचं? माणसावर काय लिवलेलं नसतंय."

वैष्णवीने मदतीच्या मजकुरावर दोन पुस्तके वाचली होती आणि एक अभ्यासक्रम पूर्ण केला होता. हे वाक्य त्यांत कुठेही नव्हते, आणि ते असायला हवे होते.

"आप्पा, हे सगळं काढून टाकू आपण," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी पुढच्या ओळी वाचल्या नाहीत."

"काढू नका," वीरभद्र म्हणाला. सभेत तो पहिल्यांदाच बोलत होता. तो मोबाइलवर चादरीचे फोटो काढत होता. "ताई, मला हेच पायजे. त्या पाळीचं काय, ते मी शिकून घेईन. पण ह्यो रामहरी कोण, ते मला कोण सांगणार?"

"ह्यो म्हंजे?" रामहरी म्हणाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "माजं काय लिवलंय?"

कस्तुराबाई उभ्या राहिल्या होत्या. "समद्यांचं वाचलं. माजं बी वाचा. मला शेळ्यांकडं जायचंय."

सिद्धेश्वरने वैष्णवीकडे पाहिले. वैष्णवीने रणधीररावांकडे पाहिले. रणधीरराव चादरीकडे बघत होते, जिथे त्यांची पाटी अजून तशीच होती. कुणीच नाही म्हणेना, म्हणून सिद्धेश्वर तक्त्याच्या तळाशी गेला. शेवटची ओळ.

'कस्तुराबाई: टोकाला हायती. कधी मागत न्हाईत. पाणी पोचलं का ते फोनवर इचारू नये, जाऊन बघावं. त्या पोचलं म्हणतेत.'

कस्तुराबाईंना वाचता येत नव्हते. शेजारच्या बाईने त्यांना हळू आवाजात वाचून दाखवले. त्यांनी ऐकले आणि पदर सारखा केला.

"मग काय म्हणायचं?" त्या म्हणाल्या. "न्हाय पोचलं म्हटलं तर आप्पाला परत तीन कोस चालत यावं लागतंय. त्यांचे गुडघे दुखतेत."

माणिकप्पांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. ही माहिती त्यांच्या यादीत नव्हती.

हॉलमध्ये सर्वांचे गणित एकाच वेळी सुटत होते. गणित अवघड नव्हते. तोंडाशी दोन आटे ढिले राहिले, की टोकाला किती पाणी कमी पोचते, हे कालव्याकाठच्या माणसाला कागदाशिवाय कळते. फक्त दोन टोकांच्या दोन पाट्या आजवर कधी एकाच चादरीवर आल्या नव्हत्या.

रणधीररावांनी घसा साफ केला. सभेचा निकाल आता त्यांच्या पुढच्या वाक्यावर होता, आणि वैष्णवीचा तर होताच.

"हे माझं चुकीचं लिवलंय," रणधीरराव म्हणाले.

माणिकप्पांनी टोपीतली घडी काढून उलगडली.

"दोन आटे न्हाईत," रणधीरराव म्हणाले. "दीड हाय."

आधी रामहरी हसला, कारण पहिल्यांदा हसण्याचा हक्क त्याने कमावला होता. मग गुंडप्पा, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला त्याचा चुलतभाऊही, अर्थात स्वतंत्रपणे. शेवटी रणधीररावांच्या मिशीखालीही काहीतरी हलले.

"दीडच आसल," माणिकप्पा म्हणाले. "अंधारात दोन वाटले असतील."

"दुरुस्ती करून घ्या. आणि पुढच्या पाळीला पुरं आवळलेलं सापडलं, तर तसं बी लिवा."

"लिवू की."

"हे नावांचं सगळ्यांना दिसायला नको," मागून कुणीतरी म्हणाले. "पाटकऱ्यापुरतं ठिवा."

"ज्याचं त्याला तरी दिसू द्या," रामहरी म्हणाला. "मला रोज बघायचंय, बदललं का न्हाय ते."

तसा ठराव झाला. प्रत्येकाला स्वतःची पाटी दिसेल, पाटकऱ्याला सगळ्या, आणि हरकत असेल त्याने संस्थेत येऊन माणिकप्पांसमोर मांडावी. हात वर झाले. सिद्धेश्वरने मोजले: विरोधात एक. तो हात बहिऱ्या गृहस्थांचा होता आणि त्यांना पंखा बंद करायला सांगायचे होते.

पुढचे पंधरा दिवस संस्थेच्या व्हरांड्यात माणसे बसलेली असत. माणिकप्पा निवृत्त झाले होते, तरी रोज अकराला येत आणि हरकती ऐकत. युक्तिवादाने पाटी बदलत नसे. पाटी बदलायची तर वागणे बदलून दाखवावे लागे, आणि ते वीरभद्र जाऊन बघून येई. एका पाळीला रामहरी सांगितलेल्या वेळी चारीवर हजर होता. त्याची पाटी 'दोन तास'वरून 'एक तास' झाली. एकदाच्या निरीक्षणावरून याहून जास्त सूट देणे शास्त्राला धरून झाले नसते, आणि माणिकप्पा शास्त्र न शिकताही तेच म्हणाले.

पाणी शेवटच्या टोकाला पोचले की नाही, हे बघायला वीरभद्र पहिल्या पाळीला स्वतः गेला. पोचले होते. कस्तुराबाई म्हणाल्या तेवढे नव्हते, पण घोट्याच्या वर होते.

शेजारच्या दोन्ही संस्थांचे निरोप आले. एकीने विचारले, एक्स्टेंशन कधी मिळेल. दुसरीने विचारले, माणिकप्पा कधी मिळतील. वैष्णवीने दोघींनाही 'सोमवारी' असे कळवले आणि मग, वाढवून घेतलेली रजा संपण्याआधी, पुण्याच्या कंपनीला राजीनाम्याचे पत्र लिहायला बसली. पत्र छोटे होते. पाठवण्यापूर्वी तिने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

मग नवा तक्ता एकदा तपासावा म्हणून तिने सिद्धेश्वरचा माउस हाती घेतला. उजव्या बटणावर पट्टी नव्हती. ती अजून टेबलाच्या कडेलाच होती. नावांची यादी ती पहिल्यापासून वाचत गेली, एकही न सोडता. एकशे बारा नावे संपल्यावर तळाशी एकशे तेरावे आले. ते वैष्णवीचे होते.

"दादा, मी कुठं सभासद आहे?"

"आप्पांनी सांगितलं, म्या टाइप केलं," सिद्धेश्वर म्हणाला. "काय हाय ते मला ठाव न्हाय."

तिने नावावर उजवे बटण दाबले. मग 'मदत'.

'वैष्णवी: हुशार हाय. गावातच ऱ्हाणार हाय. पयल्या पाच ओळी बघून बाकीचं बरोबर धरती. सहावी ओळ वाचून दाखवावी.'

हरकत घेण्याजोगे तिला काहीच सापडेना. तिने 'समजलं' दाबले.